मोठ्या दुकानाच्या भीतीने केलेली युती किती दिवस टिकते?

चार दुकानदारांनी मिळून खरेदी करावी का, हा विषय आज एका गेमवरून सांगतो. हसू नका, पुढे वाचा.

'स्टेलारिस' हा स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा 2016 सालचा अंतराळातला गेम. एक साम्राज्य तुम्ही चालवायचं, बाकीची कॉम्प्युटर चालवतो. त्यातल्या कुणापुढे करार ठेवायचा म्हटलं की तो हो म्हणेल की नाही हे आधीच दिसतं, आणि का तेही दिसतं. सगळा हिशोब अधिक-उण्याचा. हद्दी एकमेकांना घासतात, उणे. विचार जुळतात, अधिक. तिसरा कोणी शेजाऱ्यांना गिळत सुटलाय आणि दोघांनाही त्याची धास्ती आहे, अधिक. बेरीज जमली की करार.

बरेच खेळाडू नाक मुरडतात, म्हणतात ही कसली डिप्लोमसी, हा तर कॅल्क्युलेटर. मला तोच भाग सगळ्यात कामाचा वाटतो. आपल्या बाजारात समोरचा 'बघू, सांगतो' म्हणतो, चहा पितो आणि जातो. त्याचं उणे कुठंय ते कळतच नाही!

आता आपल्या तुळजापुरात बघा. शारदीय नवरात्र ते कोजागिरी म्हणजे मोठा सीझन. हळद-कुंकू, खण-नारळ, कवड्यांच्या माळा, परड्या, जवळपास सगळ्यांकडे माल तोच. समजा पाच जणांनी ठरवलं की सोलापूरहून होलसेल माल एकत्र उचलू. हे पाच जण एकत्र येतात कशामुळे? बहुतेक वेळा कोणीतरी मोठं दुकान टाकून भाव पाडलेला असतो म्हणून. गेममध्ये त्या दांडग्या साम्राज्याने लढाया थांबवल्या की भीतीचा आकडा हळूहळू उतरतो आणि त्यावर जमलेली दोस्ती पातळ होते. इकडे मोठ्या दुकानाने भाव वर नेला की पाचातले दोघे म्हणणार, "यंदा माझं मी बघतो." आणि ते ऐन घटस्थापनेच्या तोंडावर म्हणणार, तेव्हा तुमचा ॲडव्हान्स गेलेला असतो.

विश्वासाचा आकडा वेगळा. करार चालू आहे तोवर तो थोडा थोडा चढतो, सुटला की ओसरतो. शिवाय किती चढायचा ते करारावर ठरतं: नुसता 'एकमेकांवर हल्ला नको' असेल तर कमी, संरक्षणाचा असेल तर जास्त. म्हणून पहिल्याच फटक्यात पाच जणांच्या नावाने गाळा घेऊन पाटी लावू नका. चैत्री पौर्णिमेला फक्त नारळ एकत्र घ्या. पैसे ठरल्या दिवशी आले का बघा. मग नवरात्राचं बोला.

आणि हो, त्या गेममध्ये 'फॅनॅटिक प्युरिफायर्स' नावाची जमात आहे. ते आपल्या जातकुळीबाहेरच्या कुणाशीच दोस्ती करत नाहीत, आकडे जुळवत बसायचंच नाही. तुम्ही शटर ओढावं एवढ्यासाठी तोट्यात विकणारा असा एखादा तुमच्या लायनीत असेल, तर त्याच्यावर चहाचे पैसे घालवू नका.

बाकीच्यांशी ठरलं की कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणाची किती पोती, पैसे कोणत्या तारखेला, आणि माल उरला तर तो कोणाच्या गळ्यात. तिसरीवरच भांडणं होतात. नमुन्याचा कागद पुढच्या व्हिडिओत दाखवतो.