बाळाचं अंग कुणी चोळायचं?

आमच्या घराण्यात बाळ जन्माला यायच्या आधी एकच गोष्ट पक्की ठरलेली असते, ती म्हणजे बाई. नाव ठरत नाही, बारशाचा हॉल ठरत नाही, बाळंतपण सासरी की माहेरी यावर खडाजंगी चालू असते, पण "मालिशवाली बाई सांगून ठेवलीय ना?" हे सातव्या महिन्यातच विचारून झालेलं असतं. आणि बाईची कीर्ती कशावरून? तर "हात चांगला जड आहे हो तिचा. बाळ असं रडतं, असं रडतं, आणि मग चार तास गाढ झोपतं!" हे अगदी कौतुकाने सांगितलं जातं.

मला या वाक्याचा मनापासून राग आहे. घरातली मोठी मंडळी हे वाचतात हे माहीत असून लिहितोय, तेव्हा संध्याकाळी फोन येणार हे गृहीत धरलंय. :)

रडून रडून दमलेलं बाळ झोपतं, यात बाईचं कौशल्य कुठलं? दमला की कुणीही झोपतो. महिनाभराच्या जिवाला 'नको' म्हणायला रडण्याशिवाय दुसरा शब्द नसतो. तो शब्द ते रोज सकाळी बेंबीच्या देठापासून उच्चारतं आणि भोवती उभी असलेली सगळी मोठी माणसं हसून म्हणतात, "रडू दे, फुप्फुसं मजबूत होतात." होत नाहीत हो. रडण्याने फुप्फुसं मजबूत होतात याला काहीही आधार नाही. आपल्याला ते ऐकवत नाही म्हणून आपण स्वतःची घातलेली ती समजूत आहे.

आणि जड हाताने काय काय चालतं ते आठवून बघा. नाक धारदार व्हावं म्हणून चिमटीत धरून ओढायचं. डोकं गोल व्हावं म्हणून दाबायचं. लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने घासायचं. नाकाकानात तेलाचे थेंब सोडायचे. नवजात बाळाची छाती आईच्या शरीरातल्या हार्मोन्समुळे कधीकधी थोडी सुजते, त्यातून दुधासारखा थेंबही येतो. ही सूज आपोआप उतरते. आपण मात्र ती पिळून काढतो, आणि पिळल्याने तिथे गळू होऊ शकतं. नाकातलं तेल श्वासाबरोबर छातीत उतरलं तर त्याने न्यूमोनिया होतो. डोक्याचा आकार काही दिवसांत बहुधा आपला आपण सुधारतो, लव आपली आपण गळते. नाक आईबापाकडून जसं आलंय तसंच राहतं. आमच्या घराण्याची नाकं बघा आणि सांगा, तीन पिढ्यांच्या ओढण्याचा काय उपयोग झाला!

मग मालिशचा फायदा तरी काय? इथे थोडं सरळ बोलायला हवं, कारण हल्ली दुसऱ्या टोकाची जाहिरातबाजीही जोरात आहे. मालिशने बुद्धी वाढते, हाडं भरतात वगैरे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत खरंच पुरावा आहे. 1986 मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मसाज दिला आणि त्यांचं वजन रोज 47 टक्के जास्त वाढलं. 2005 मध्ये आपल्या मुंबईच्या सायन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी प्रयोग करून पाहिला, त्यात वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं वजन खोबरेल तेलाच्या मालिशने मिनरल ऑइलपेक्षा चांगलं वाढलं. (कोकणातल्या आज्यांनी इथे कॉलर ताठ करावी.) पण पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळांचं काय? 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात 34 अभ्यास तपासले गेले आणि निष्कर्ष निघाला की अशा बाळांसाठी मालिशच्या मोठमोठ्या फायद्यांचा पुरावा कच्चा आहे.

हे वाचून काही जण म्हणतील, मग करायचीच कशाला? मी म्हणतो, म्हणूनच तर कुणी करायची हा प्रश्न महत्त्वाचा. हाडं, रंग, नाक, बुद्धी हे सगळं बाजूला काढलं की मागे उरतो तो रोजचा अर्धा तास. एक माणूस बाळाकडे बघतोय, बाळ त्याच्याकडे बघतंय. कुठे हात लावला की ते सैलावतं, कुठे मुठी आवळतं, मान फिरवून 'आता पुरे' कसं म्हणतं, हे त्या माणसाला कळत जातं. बाळालाही तो हात ओळखीचा होतो. म्हणजे मालिशमधली खरी मिळकत ही ओळख आहे आणि ती मालिश करणाऱ्यालाच मिळते. तीच आपण पैसे देऊन दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतो आणि आपण बाजूला गरम टॉवेल घेऊन उभे राहतो!

गंमत बघा. फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लबॉये यांनी कोलकात्याच्या वस्तीत एका आईला पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन मालिश करताना पाहिलं. तिचं नाव शांतला. 1976 मध्ये त्यांनी तिच्या नावाचंच पुस्तक काढलं आणि ब्राझीलमध्ये आजही बाळाच्या मालिशला 'शांतला' म्हणतात. अमेरिकेच्या विमला मॅक्ल्युअर 1973 मध्ये भारतातल्या एका अनाथाश्रमात काम करत होत्या, तिथे हे बघून त्या परत गेल्या आणि त्यातून पुढे आईवडलांना मालिश शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या वर्गांमध्ये शिकवणारी व्यक्ती तुमच्या बाळाला हात लावत नाही. तिच्यासमोर बाहुली असते, ती बाहुलीवर दाखवते आणि आईबाप आपापल्या बाळावर करतात. सुरू करण्याआधी तळहात बाळाला दाखवून विचारायचं, करू का? आपल्याकडच्या एका आईचं बघून जग हे शिकलं, आणि आपण ते काम आउटसोर्स केलं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बाळंतिणीला विश्रांती नको का? हवी, शंभर टक्के हवी. सव्वा महिना तिने कशालाही हात लावू नये. पण घरात आणखी एक माणूस असतो, ज्याला दोन धडधाकट हात असतात आणि ज्याला त्या सव्वा महिन्यात मेडिकलमध्ये चकरा मारण्यापलीकडे काम नसतं. हो, बाप! बापाचं नाव काढलं की आमच्याकडे एकदम शांतता पसरते. "अरे, तुझे हात राठ आहेत," असं मला आत्या म्हणाली होती. बाईचे हात जड असलेले चालतात, बापाचे राठ चालत नाहीत?

आमच्याकडेही बाई आल्या होत्या, साठीच्या. मी म्हटलं, मावशी, बाळंतिणीचं अंग तुम्हीच रगडा, पैसे ठरलेत तेवढेच घ्या, पण बाळाचं मला शिकवा. त्या आधी हसल्या, मग पाट ओढून शेजारी बसल्या. इतकी चांगली शिक्षिका मला शाळेतही मिळाली नव्हती. "दादा, हात गार आहेत, आधी एकमेकांवर चोळा." "पोटावरून घड्याळाच्या काट्यासारखं फिरा." (आतड्यांची दिशा तीच असते, हे मी नंतर वाचलं. त्यांना ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं.) "घाई कुणाची लागलीय?" पाचव्या दिवशी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला अजून टोचते. म्हणाल्या, हळू हाताने केलं तर लोक म्हणतात बाई कामचुकार आहे. बाळ रडलं की पैसे वसूल झाले असं वाटतं त्यांना.

तेव्हा जड हाताचा दोष फक्त बायांवर टाकू नका. तो हात आपण मागितलेला आहे.

माझ्या मामेभावाकडे पुढच्या महिन्यात पाळणा हलायचाय, म्हणून थोडं कामाचं. अरे, दूध पाजल्यावर अर्धा-पाऊण तास थांब. अंगठी आणि घड्याळ काढ, नखं काप. पंखा बंद कर. पायांपासून सुरुवात कर, मांडीकडून घोट्याकडे, कारण पाय चोळलेले बाळांना सहसा आवडतात. गुडघे अलगद पोटाशी नेलेस तर गॅस मोकळा होतो. ताप असेल किंवा लस दिली असेल त्या दिवशी सुट्टी, आणि लस टोचलेली जागा दुखरी असेपर्यंत तिथे हात लावू नकोस. ते रडायला लागलं तर थांब, उचलून घे, त्या दिवसापुरतं झालं. आणि आत्याचा फोन आला तर मला दे.