शेतकऱ्याचा आकडा पाच

गेल्या उन्हाळ्यात पाथर्डी तालुक्यात युवकांचा एक अभ्यासवर्ग भरला होता. वर्गभेदावरील व्याख्यान संपल्यावर अकरावीतला एक मुलगा उठला आणि त्याने फळ्यावर खडूने सहा अक्षरे लिहिली : ई, डी, सी, बी, ए, एस. एस म्हणजे आमदार. ए म्हणजे कारखान्याचा संचालक. मुकादम बी, मास्तर सी, अशी वाटणी करीत तो खाली आला आणि ई या अक्षरापुढे त्याने स्वतःचे नाव घातले. मुले खदखदून हसली. जुन्या कार्यकर्त्यांपैकी दोघे-तिघे मात्र रागावले. मोबाइलचे हे थेर शिबिरात नकोत, असे त्यांचे म्हणणे पडले.

आमचे मत निराळे आहे. वक्त्यांनी तासभर जे समजावून सांगितले ते त्या मुलाने पाच मिनिटांत आपल्या भाषेत करून घेतले होते. चुकले ते निराळ्याच ठिकाणी, आणि ते कोठे हे समजून घ्यावयाचे तर ती अक्षरे कोठून आली हे पाहिले पाहिजे.

ती आली ‘सोलो लेव्हलिंग’ या कोरियन कथेतून. चुगाँग हे टोपणनाव घेतलेल्या लेखकाची ही कादंबरी २०१६ साली तेथील संकेतस्थळावर क्रमशः येऊ लागली. २०१८ पासून तिचे वेबटून झाले, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर बोटाने वर सरकवीत वाचावयाची चित्रकथा. जानेवारी २०२४ पासून जपानी ॲनिमेच्या रूपाने ती जगभर पोहोचली. कथेतील जगात ठिकठिकाणी अद्भुत द्वारे उघडतात, आत राक्षस असतात आणि त्यांना मारण्याची शक्ती काही माणसांत एकाएकी जागी होते. ही शक्ती एक यंत्र मोजते व श्रेणी देते. ही श्रेणी, फार दुर्मिळ अपवाद सोडले तर, जन्माची. कितीही घाम गाळा, ई चा डी होत नाही. नायक सुंग जिनवू हा ई श्रेणीतलाही सर्वांत दुबळा. आई रुग्णालयात, बहीण शिकते आहे, म्हणून हा पोटासाठी जीव धोक्यात घालतो. एका प्रसंगी वरच्या श्रेणीचे सोबती त्याला आणि दुसऱ्या एका दुबळ्याला राक्षसी कोळ्यापुढे आमिष म्हणून टाकून गुहेचे तोंड बंद करतात. यंत्राने ज्याला कमी मोजले त्याचा जीवही कमी मोलाचा, हा हिशोब तेथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

जन्मभराची श्रेणी म्हटल्यावर मराठी वाचकाला जे आठवावयाचे ते आठवेलच. आमच्या चळवळीला आणखी एक गोष्ट आठवते. १९३० साली इंग्रज सरकारने कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले. वर्ग ठरे तो गुन्ह्याइतकाच कैद्याच्या सामाजिक प्रतिष्ठेवर, शिक्षणावर आणि बाहेरच्या राहणीवर. म्हणजे जो बाहेर चांगले जेवत होता त्याला आतही बरे जेवण, आणि जो उपाशी होता त्याने आत आल्यावरही तसेच राहावे. एकाच सत्याग्रहात पकडलेले वकीलसाहेब आणि शेतमजूर निरनिराळ्या ताटांवर बसत. यंत्र नव्हते इतकेच.

आता यंत्राकडे वळू. या प्रकारच्या कथांचा एक मूळपुरुष म्हणजे अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही जपानी चित्रमालिका. ती १९८४ ते १९९५ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यात परग्रहावरचे योद्धे डोळ्यावर एक काच लावतात आणि समोरच्याची लढाऊ शक्ती त्या काचेत आकड्यात उमटते. नायक गोकू याला अर्भकावस्थेतच हलक्या दर्जाचा ठरवून क्षुद्र ग्रहाकडे, म्हणजे पृथ्वीकडे, धाडलेले असते. त्याचा भाऊ त्याला शोधत पृथ्वीवर उतरतो तो एका शेतात. तेथला शेतकरी बंदूक घेऊन समोर येतो. काचेत आकडा उमटतो पाच. पाहुणा तुच्छतेने हसतो, आणि शेतकरी दोन क्षणांत मरून पडतो. त्याचे नावही कथेत नाही.

पुढे या मालिकेत आकडे इतके फुगत गेले की फ्रीझा नावाच्या खलनायकाची शक्ती पाच लक्ष तीस हजार भरली, आणि त्यानंतर आकडे सांगणेच हळूहळू बंद पडले. क्रमवारीचा हा रोगच आहे. वरच्याला वर ठेवावयाचे तर आकडा वाढवीत राहावे लागते, आणि आकडा वाढला की त्याचे मोल उतरते.

हा रोग कोरिया-जपानातून आला असे समजण्याचे कारण नाही. नगरपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या भिंगारमध्ये १७०७ साली औरंगजेब मरण पावला, तेव्हा त्याच्या दरबाराला हाच रोग जडलेला होता. अकबराने घालून दिलेली मनसबदारी ही आकड्यांची उतरंडच होती. दहापासून पुढे प्रत्येक अंमलदाराला एक आकडा मिळे. त्यातही दोन भाग : ‘जात’ हा त्याचा स्वतःचा दर्जा, ‘सवार’ हा त्याने बाळगावयाच्या घोडेस्वारांचा आकडा. दरबारात कोण कोठे उभा राहणार हे त्यावर ठरे. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात काय घडले ते शाळकरी पोरही सांगेल. पुरंदरच्या तहानंतर आठ-नऊ वर्षांच्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली होती, आणि महाराजांना स्वतःला उभे केले ते पंचहजारी मनसबदारांच्याच रांगेत. महाराज संतापले. आपण त्यांच्या स्वाभिमानाची गोष्ट सांगतो आणि तेथेच थांबतो. त्या रांगेतला पाच हजारांचा आकडा आला कोठून, हे विचारीत नाही.

तो आला जहागिरीच्या गावांतून. मनसबदाराच्या दंडात पाच हजारांचे बळ नव्हते. त्याला नेमून दिलेल्या गावांचा सारा होता, त्या साऱ्यावर घोडे पोसले जात, आणि घोडे होते म्हणून आकडा होता. औरंगजेबाने दख्खनच्या मोहिमेत सरदार फोडण्यासाठी मनसबी वाटल्या. इतिहासकार अतहर अली यांच्या मोजणीप्रमाणे हजारी व त्यावरील मनसबदारांत १६७८ पर्यंतच्या वीस वर्षांत मराठे होते २७, आणि पुढच्या काळात झाले ९६. आकडे वाढले, गावे मात्र तेवढीच राहिली. शिवाय युद्धाने आणि दुष्काळाने उजाड झालेल्या गावांतून कागदावरचा वसूल हाती येईना. मनसब आहे पण जहागीर नाही, अशी माणसे दरबारात खेटे घालू लागली. काचेतला आकडा खरा पाहावयाचा तर शेतकऱ्याकडे पाहावे लागते. पाच तो नव्हे, पाच हजार तोच.

मनसबदारीच्या या यादीला सर्वांत मोठा धक्का दिला तो यादीबाहेरच्या एका माणसाने. हबशी देशातून गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर हा निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळात चिखल केला आणि मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेला धूळ चारली. जहांगीर बादशहाने तर अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले होते. त्यात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे, आणि चित्र काढले तेव्हा अंबर धडधाकट जिवंत होता! उतरंडीत न बसणाऱ्या माणसावर निदान चित्रात तरी सूड घेतलाच पाहिजे. मलिकंबरी जमाबंदीत अंबरनेही प्रती पाडल्या, पण त्या जमिनीच्या. जमीन काय पिकवते हे पाहून सारा ठरावा, एवढी त्या प्रतवारीची मर्यादा होती. अर्थात सारा भरावयाचा तो कुणब्यानेच, हे विसरून त्याला आपल्या पंक्तीला बसविण्याचे कारण नाही.

आता त्या मुलाकडे परत येऊ. त्याला ही कथा का आवडते? मरता मरता वाचलेल्या जिनवूला एक अदृश्य ‘सिस्टीम’ लाभते. ती रोज काम नेमून देते : शंभर जोर, शंभर बैठका, पोटाचे शंभर व्यायाम आणि दहा किलोमीटर धाव. केले की त्याचे बळ नोंदले जाऊन वाढते. ज्या मुलाचे थोरले भाऊ वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसून परत आले आहेत, त्याला याहून गोड स्वप्न कोणते दाखवाल? गाळलेल्या घामाचा प्रत्येक थेंब खात्यावर जमा होतो, अशी व्यवस्था त्याने फक्त तेथेच पाहिली आहे. ही भूक न्याय्य आहे, तिला थेर म्हणू नये. पण ती ‘सिस्टीम’ एकट्या जिनवूला मिळते, उरलेले ई श्रेणीवाले ई श्रेणीतच राहतात, आणि नायक ए व एस यांच्या पुढे निघून जातो. अक्षरे पुसण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. याच कथेत एका प्रकरणात खाणमजूर येतात. शूर वीर राक्षस मारून निघून गेले की हे मजूर आत शिरून स्फटिकांच्या शिळा फोडतात. धंदा चालतो त्या स्फटिकांवर. जिनवू स्वतः एक दिवस त्यांच्यात रोजंदारीने जातो. नंतर कथा पुढे धावते, ते मजूर मागे राहतात.

आपल्या जिल्ह्याने यावर एक उत्तर काढले होते. प्रवरेच्या काठी लोणीला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एक सभासद, एक मत हा सहकाराचा नियम. भाग कितीही असोत, आकडा सर्वांचा एकच. आज अनेक कारखान्यांत संचालकपद घराण्यात वारशाने चालते हे खरे, पण नियम अजून पुसलेला नाही आणि त्यावर भांडता येते. त्याची खरी उणीव फडात दिसते. ऊस तोडणारा सभासद नसतो, म्हणून त्याला तो एकचा आकडाही नाही. त्याची मोजणी होते ती मुकादमाच्या वहीत. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्यावर, हिशोबही कोयत्यावर. बाईचा नवरा मेला वा आजारी पडला की ती ‘अर्धा कोयता’.

पाथर्डीच्या त्या मुलाने स्वतःचे नाव ई पुढे लिहिले, तेव्हा आम्ही त्याला आई-वडिलांबद्दल विचारले. दोघेही हंगामात ऊसतोडीला जातात. त्यांना कोणत्या अक्षराखाली घालावयाचे हे त्याला ठरविता येईना. त्यांची मोजणी झालेली नाही, असे तो म्हणाला. पुढचा अभ्यासवर्ग दिवाळीनंतर, टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावयाचे ठरले आहे. त्यात मुकादमाची वही आणि खाणमजुरांचे ते प्रकरण दोन्ही एकत्र वाचावयाचे आहे. कार्यकर्त्यांनी ते प्रकरण आधी वाचून यावे. मोबाइल मुलांकडे आहेत.