विश्लेषण : आलिशान सेडानला मोठी अलॉय चाके... शोभेची की जोखमीची?

जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतलेली बीएमडब्ल्यू थ्री सीरीज, ऑडी ए४ किंवा मर्सिडीज सी-क्लास दारात आली, की अनेकांची पहिली हौस असते चाके बदलण्याची. मूळची १७ इंची चाके उतरवून १९ इंची काळी चाके चढवली, की पाच-सात वर्षांची गाडीही नवी दिसते. दुकानात बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो : बोल्ट बसतात ना? मात्र गाडीची सुरक्षितता, टायरचे आयुष्य आणि विम्याचा दावा ज्यावर अवलंबून असतो, ते आकडे या प्रश्नाच्या पलीकडचे आहेत.

बोल्ट जुळले म्हणजे चाक बसले का?

नाही. बोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. ऑडी ए४, मर्सिडीज सी-क्लास, २०१९ मध्ये भारतात आलेली बीएमडब्ल्यू थ्री सीरीज (जी२०) आणि स्कोडा सुपर्ब या चारही गाड्यांचा पीसीडी ५ × ११२ मिमी आहे. तरीही सुपर्बचे चाक इतर तिघींना बसत नाही. कारण सुपर्बच्या चाकाचे मधले छिद्र ५७.१ मिमीचे, तर उरलेल्या तिघींचा हब सुमारे ६६.५ मिमीचा आहे. थ्री सीरीजच्या आधीच्या पिढीचा (एफ३०) तर पीसीडीच वेगळा, म्हणजे ५ × १२० मिमी. त्यामुळे ‘थ्री सीरीजचे चाक’ एवढे सांगून भागत नाही, गाडीची पिढीही सांगावी लागते.

मधले छिद्र हबपेक्षा मोठे असेल तर चाक नेमके मध्यावर बसवण्यासाठी योग्य मापाची रिंग लागते. ती नसेल तर वेग वाढल्यावर स्टीअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी ते थांबत नाही. बोल्टचे बूडही पाहावे लागते. ऑडी आणि मर्सिडीजच्या मूळ बोल्टचे बूड गोलाकार, तर बाजारातील बहुतेक चाकांना निमुळत्या बुडाचे बोल्ट लागतात. चुकीचा बोल्ट घट्ट वाटतो, पण टेकतो अगदी थोड्या जागेवर आणि नंतर सैल होऊ शकतो.

‘ईटी’ हा आकडा काय सांगतो?

चाकाच्या आत ईटी आणि पुढे एक संख्या कोरलेली असते. हबला टेकणारी चाकाची बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, हे ती सांगते. संख्या कमी झाली की चाक बाहेर येते, वाढली की आत जाते. समजा, मूळ चाक साडेसात इंच रुंद आणि ईटी ३० आहे. त्याऐवजी साडेआठ इंच रुंदीचे, ईटी ३० चेच चाक घेतले, तर ते आत आणि बाहेर प्रत्येकी सुमारे १३ मिमी सरकते. आतल्या बाजूला सस्पेन्शन आणि बाहेर मडगार्ड. रिकाम्या गाडीत कदाचित काही जाणवणार नाही. मागे तिघे बसले आणि गाडी गतिरोधकावरून उतरली, की टायर घासल्याचा आवाज येतो.

इंच वाढले की नेमके काय घटते?

टायरची उंची. जी२० थ्री सीरीजच्या मापांचे गणित पाहू. २२५/५० आर १७ टायरचा एकूण व्यास ६५७ मिमी, तर २२५/४० आर १९ चा ६६३ मिमी. फरक एक टक्क्याच्या आत असल्याने स्पीडोमीटरची चिंता नाही. मात्र रिम आणि रस्ता यांच्यामधले रबर साधारण ११२ मिमीवरून ९० मिमीवर येते. वळणावर गाडी अधिक आटोपशीर वाटते, पण पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा न दिसल्यास तो धक्का रिमपर्यंत पोहोचतो. रिम वाकते, तिला तडा जातो किंवा टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

स्वस्त चाकात जोखीम कोणती?

दिसायला हुबेहूब असलेल्या नकली चाकांवर वजन पेलण्याची क्षमता अनेकदा लिहिलेलीच नसते. हिशेब सोपा आहे. एका अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त १,२०० किलो भार येणार असेल, तर प्रत्येक चाक किमान ६०० किलोचे हवे. ओतीव चाके स्वस्त पण जड, फोर्ज्ड चाके हलकी, मजबूत आणि महाग, तर फ्लो फॉर्म्ड चाके या दोहोंच्या मधली. चाक जड असेल तर सस्पेन्शनवरचा ताण वाढतो. आयएसआय चिन्ह, जपानचे जेडब्ल्यूएल किंवा जर्मनीतील ट्यूव्हचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे. नुसता छाप पाहू नये, मॉडेल क्रमांक जुळवून घ्यावा.

कायदा आणि विमा काय म्हणतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला दिलेले माप निवडणे हा सुरक्षित मार्ग. मडगार्डबाहेर डोकावणारे चाक वादाला निमंत्रण देते. बदल विमा कंपनीला लेखी कळवलेला नसेल, तर अपघातानंतर दाव्यावर प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

मग निवड कशी करावी?

चालकाच्या दाराजवळील स्टिकरवर कंपनीने मान्य केलेली टायरची मापे असतात. सुरुवात तिथून करावी. मूळ मापापेक्षा एक इंच मोठे चाक शोभा आणि सोय यांचा बहुधा बरा मेळ घालते. पैसे देण्यापूर्वी एक चाक पुढे आणि एक मागे लावून पाहावे, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे, ब्रेक कॅलिपर आणि रिम यांत मोकळी जागा आहे का ते तपासावे. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर मूळ चाकात असतील तर ते नव्यात बसतील का, हेही आधीच विचारावे. बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरवर टॉर्क पान्याने बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. आणि मूळ चाके विकू नयेत. गाडी विकताना किंवा रस्त्यावरच्या खड्ड्यांनी हौस फिटल्यावर तीच उपयोगी पडतात.