आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

१५ डिसेंबर २०२४ हा रविवार. इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या दोन बुडत्या क्लबांनी त्या एकाच दिवशी आपापल्या प्रशिक्षकांना नारळ दिला. वुल्व्जचे गॅरी ओनील गेले, साऊदॅम्प्टनचे रसेल मार्टिन गेले. वुल्व्ज पुढे तरले, ४२ गुण मिळवून सोळावे आले. साऊदॅम्प्टनने आणलेल्या इव्हान युरिच यांना लीगमध्ये एकच विजय मिळाला आणि सात सामने बाकी असतानाच, ६ एप्रिलला, क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला. प्रीमियर लीगच्या इतिहासात इतक्या लवकर कोणाचीच गच्छंती झाली नव्हती. क्लबांचे मालक मात्र यातला वुल्व्जचाच दाखला तेवढा ध्यानात ठेवतात. हंगाम ऐन भरात असताना प्रशिक्षक हाकलण्याचे जे पेव फुटले आहे, ते वेळीच आवरले नाही तर आणखी कितीतरी जुने क्लब साऊदॅम्प्टनच्याच वाटेने जातील.

वुल्व्जचा तेव्हाचा निर्णय चुकला, असे आमचे म्हणणे नाही. आदल्या दिवशी घरच्या मोलिन्यू मैदानावर इप्सविचने ९४व्या मिनिटाला, कॉर्नरवर आलेल्या चेंडूला डोके लावून, सामना २-१ असा खिशात घातला. शिट्टी वाजली आणि हातघाई सुरू झाली. वुल्व्जच्या रायन ऐत-नूरीला खेळ संपल्यावर लाल कार्ड मिळाले. संघातला सर्वांत गुणी खेळाडू मॅथ्यूस कुन्हा याने तर इप्सविचच्या सुरक्षा कर्मचाऱ्याच्या डोळ्यांवरचा चष्माच ओढून काढला. सोळा सामन्यांत ४० गोल खाल्लेल्या संघावर कोणाचा वचक उरला नसल्याची ती खूण होती. अशा वेळी बदल अटळ असतो.

ओनील यांच्या जागी व्हिटॉर परेरा आले आणि त्यांनी संघ सावरला. पण जानेवारीत त्यांना इमॅन्युएल अगबादूसारखा भक्कम बचावपटू मिळाला आणि कुन्हाने हंगामभरात लीगमध्ये १५ गोल केले, हे विसरून कसे चालेल? पुढच्या उन्हाळ्यात कुन्हाला मँचेस्टर युनायटेडला विकले, ऐत-नूरीला मँचेस्टर सिटीला. सप्टेंबरमध्ये परेरांशी तीन वर्षांचा नवा करार झाला आणि २ नोव्हेंबरला त्यांनाच घरचा रस्ता दाखवला. दहा सामने, दोन गुण, विजय एकही नाही. वर्षभरापूर्वी तारणहार ठरलेला माणूस एवढ्यात खेळ शिकवायला विसरला काय? संघाचा कणा विकणारे कोण होते, हे विचारायला नको? खेळाडू विकणारे, नवे निवडणारे, करारावर सही करणारे सगळे आपापल्या खुर्चीत राहतात. जातो तो एकटा प्रशिक्षक. त्याच्याबरोबर त्याचे सहायक जातात, भरपाईची रक्कम जाते आणि जानेवारीच्या खरेदीला त्यातून चाट बसते ती वेगळीच.

नवा प्रशिक्षक आल्यावर निकाल सुधारतात, असा युक्तिवाद होतो. पण बास टर वील या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच दिसले. प्रशिक्षक बदललेले संघ आणि तशाच घसरणीतही न बदललेले संघ, दोन्ही सारखेच सावरले. वाईट दिवस कधीतरी संपतातच. श्रेय मात्र नव्या माणसाच्या पदरात पडते.

चेल्सीने जानेवारी २०२१मध्ये फ्रँक लॅम्पार्ड यांना काढून थॉमस टुखेल यांना आणले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली, हे खरे आहे. पण तो संघ मुळात तगडा होता. जिथे खेळाडूच कमी पडतात तिथे टुखेल काय करणार? शिवाय पुरेसा वेळही मिळत नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२५मध्ये अँज पोस्टेकोग्लू यांना अवघे ३९ दिवस दिले. एवढ्यात खेळाडूंची ओळख तरी नीट होते का?

ही घाई आपल्याकडेही आहे. प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात यांनी जानेवारी २०२४मध्ये ईस्ट बंगालला सुपर कप जिंकून दिला होता. सप्टेंबरमध्ये इंडियन सुपर लीगचे पहिले तीन सामने हरताच ते पायउतार झाले. संघ अखेर नववा आला. तिसरा पराभव ज्या एफसी गोवाने केला, त्यांची स्वतःची सुरुवातही अडखळतीच होती. जमशेदपूरने त्यांना घरच्या मैदानावर हरवले होते, मोहम्मेडनशी बरोबरी झाली होती. गोव्याने प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही आणि साखळीत दुसरे स्थान मिळवले.

म्हणून संकटातल्या क्लबांच्या चाहत्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. स्टँडमधून प्रशिक्षकाच्या नावाने शिमगा करण्याआधी संचालकांना गाठा. कोणते खेळाडू कोणी विकले, त्यांच्या जागी कोण आणले, प्रशिक्षकाने मागितलेल्यांपैकी कितीजण मिळाले, याचा हिशेब आधी मागा. तो समाधानकारक असेल आणि तरीही ड्रेसिंग रूम प्रशिक्षकाचे ऐकत नसेल, तर खुशाल बदला. हिशेबच मिळत नसेल, तर राजीनामा संचालकांकडे मागा आणि तोही जानेवारीची खरेदी सुरू होण्याआधी.