पंचनामा झाला, अहवाल कुठे आहे?

कर्नाटकातील सन्नती येथे १९८६ साली काली मंदिराचे छत कोसळले आणि देवीच्या मूर्तीखालचा दगड सम्राट अशोकाचा शिलालेख निघाला! पुढे शेजारच्या कनगनहळ्ळीत पुरातत्त्व खात्याने १९९४ ते १९९८ या काळात उत्खनन केले. महास्तूप सापडला. एका शिल्पपटावर राजा, राणी आणि ब्राह्मीत कोरलेले अशोकाचे नाव. एवढा मोठा पुरावा, पण त्याचा सविस्तर अहवाल लोकांच्या हाती पडायला सुमारे पंधरा वर्षे लागली. शिल्पे मात्र उघड्यावर ऊनपाऊस खात राहिली.

काम किचकट असते, हे आम्हाला मान्य. पण भंडारा जिल्ह्यातील पवनीचे स्तूप १९६९-७० मध्ये खोदले गेले आणि देव व जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये छापूनही आला. संगणक नसताना!

मातीचा थर एकदाच खोदता येतो. नंतर उरतात त्या नोंदवह्या, नकाशे, छायाचित्रे. अधिकारी निवृत्त झाला, कपाट हलले, की पुरावा गेला. पंचनामा करून तो कपाटात दडपणाऱ्या फौजदाराला न्यायालय काय म्हणेल?

माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की दप्तराची सूची ठेवा, माहिती आपणहून जाहीर करा. बांधवांनो, आपल्या भागातील लेणी-स्तूपांच्या उत्खननाचा अहवाल, वस्तूंची यादी आणि त्या आज कुठे आहेत, हे लेखी विचारा. केंद्रीय खात्याकडे अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. जयंतीच्या वर्गणीतून एवढे नक्की निघतील.