आहे, पण सापडत नाही

जुनी मराठी पुस्तके स्कॅन होऊन इंटरनेटवर आली, तरी त्यांतली कितीतरी शोधणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. त्यांची नोंदच कच्ची असते. ‘कुसुमाग्रज’ टाकले की एक यादी येते, ‘वि. वा. शिरवाडकर’ टाकले की दुसरी. रोमन स्पेलिंगची तऱ्हा आणखी वेगळी. आतल्या पानावरचे ‘शके १८२०’ कुणी घाईत नुसतेच १८२० नोंदवले, की १८९८च्या सुमाराचे पुस्तक थेट अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे जाते आणि अभ्यासकाला दिसेनासे होते.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाविना सिद्ध केली. तीच चिकाटी आता मेटाडेटासाठी, म्हणजे पुस्तकाची ओळख सांगणाऱ्या या नोंदींसाठी हवी. ‘डब्लिन कोअर’ या प्रचलित पद्धतीत मूळ रकाने अवघे पंधरा: शीर्षक, कर्ता, विषय, भाषा वगैरे. हे काम एकट्या ग्रंथपालांचे नाही. ई-पुस्तक काढताना ही नोंद मुद्रितशोधनाइतक्याच काळजीने व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून या अंकात ग्रंथपालांबरोबर प्रकाशकांनाही आम्ही लिहिते केले आहे.

तुम्हाला शोधूनही न सापडलेल्या पुस्तकांची नावे आम्हाला जरूर कळवा.