गाडलेला धूर आणि उपसलेलं तेल

मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा काका म्हणाले, "अरे, तुमच्या अबुधाबीत म्हणे धूर परत जमिनीत गाडतात! मग काळजी कसली? उपसा की तेल हवं तेवढं." मी तेलावरच पोट भरणारा इंजिनिअर, नुसता हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

काकांची माहिती बरोबर आहे. मुसफ्फातल्या एमिरेट्स स्टीलच्या पोलाद कारखान्यातला कार्बन डायऑक्साईड २०१६ पासून पकडला जातो. कोरडा करून, दाबून तो ४३ किलोमीटरच्या पाइपलाइनने तेलक्षेत्रांत नेतात. प्रकल्पाचं नाव अल रेयादा, क्षमता वर्षाला ८ लाख टन. तंत्र अस्सल आहे, त्यात बनवाबनवी नाही.

पण मंडळी, हा वायू जमिनीत सोडतात कशासाठी? खडकात अडकलेलं तेल सुटून बाहेर यावं म्हणून! (या कामाला लागणारा नैसर्गिक वायू तेवढा वाचतो, हे मान्य.)

आता जरा हिशेब करू. एक बॅरल तेल जळलं की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. इथल्या सरकारी तेल कंपनीने, अ‍ॅडनॉकने, २०२७ साठी ठरवलेलं लक्ष्य आहे दिवसाला ५० लाख बॅरल क्षमतेचं. तेवढं तेल जळलं तर रोज साडेएकवीस लाख टन. म्हणजे अल रेयादाची वर्षभराची मेहनत नऊ तासांत पुसली जाते. शिवाय हा धूर अमिरातीच्या खात्यात नाही, तेल जिथे जळतं त्या देशाच्या खात्यात मांडतात.

मोठा हिशेब याहून कठीण. तापमानवाढ दीड अंशात राहण्याची निम्मी तरी शक्यता हवी, तर २०२० पासून साऱ्या जगाला मिळून ५०० अब्ज टनच सोडता येतील, असं आयपीसीसीने २०२१ मध्ये सांगितलं. मुंबईपेक्षा कमी लोकवस्तीच्या या देशाकडे ११० अब्ज बॅरलच्या आसपास साठा आहे. तो सगळा जाळला तर त्यातला जवळजवळ दहावा हिस्सा एकट्याने संपेल.

म्हणून माझं मत असं, की किती तेल जमिनीतच ठेवायचं ते आधी ठरवा. मग हे तंत्र पोलाद, सिमेंट अशा दुसरा सोपा उपाय नसलेल्या ठिकाणी जरूर वापरा. २०२३ च्या दुबई परिषदेत खनिज इंधनांपासून दूर जाण्याचं आवाहन झालं, पण कोणी किती तेल सोडायचं हे ठरलं नाही.

ते ठरलं तर माझीही नोकरी जाऊ शकते, हे कळून लिहितोय. काकांना पुढच्या सुट्टीत हेच सांगणार आहे.